परतीचा रस्ता

लेहच्या पोस्टिंगमध्ये माझ्याकडे एक जुनी गिअरची सायकल होती. ऑक्टोबरअखेरच्या एका रविवारी मी आणि साताऱ्याकडचा एक तरुण जवान खारदुंग ला रस्त्याने साऊथ पुल्लूकडे निघालो. लेह साडेअकरा हजार फुटांवर, साऊथ पुल्लू पंधरा हजारांच्या वर. चढताना घामाने बनियन भिजलं. दुपारी ढग उतरले, तेव्हाच फिरायला हवं होतं. "अजून एक वळण," असं मीच म्हणालो.

उतार लागला आणि पंधरा मिनिटांत मागून आवाज आला, "साहेब, ब्रेक दाबलाय की सोडलाय, बोटांना कळतच नाही!"

त्याची बोटं पांढरी पडली होती. ती काखेत धरायला लावली आणि सायकली ढकलत चालत खाली आलो. बोटं वाचली. पण त्या रात्री मला जनरल जोरावर सिंह आठवले.

राजा गुलाबसिंहांच्या या डोगरा सेनापतीने १८३४ मध्ये लडाख आणि १८४० मध्ये बाल्टिस्तान जिंकलं. १८४१ च्या उन्हाळ्यात ते तिबेटात शिरले आणि रुडोक, गारटोक घेत मानसरोवराच्या पलीकडे तकलाकोटपर्यंत पोहोचले. पुढची प्रत्येक मजल जिंकलेली. मात्र हिवाळा आला आणि मागच्या खिंडी बर्फाने बंद झाल्या. रसद थांबली. ऊब मिळावी म्हणून सैनिकांनी बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले. अनेकांच्या हातापायांची बोटं हिमदंशाने गेली. हत्यार धरायलाच बोटं उरली नाहीत, तिथे शौर्य काय करणार? १२ डिसेंबर १८४१ रोजी जोरावर सिंह लढता लढता पडले.

याचा अर्थ थंडीला घाबरून बसावं असा नाही. १ नोव्हेंबर १९४८ ला जनरल थिमय्यांनी साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजिला खिंडीत स्टुअर्ट रणगाडे चढवले. पण त्याआधी सॅपर्सनी तिथला खेचरांचा रस्ता रणगाड्यांसाठी रुंद केला होता. आधी वाट, मग चढाई.

सायकलचंही तसंच आहे. चढताना अंग तापतं आणि माणूस फसतो. खरी थंडी उतरताना लागते. पारा उणे दहा असेल आणि वारा नसतानाही तुम्ही ताशी वीस किलोमीटरने उतरत असाल, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे अठरासारखी लागते. त्यात सावलीतल्या वळणावर रस्त्याच्याच रंगाचा पातळ बर्फ असतो. तो दिसतो तेव्हा चाक त्याच्यावर गेलेलं असतं.

तेव्हापासून माझे नियम ठरलेले आहेत. परत फिरायची वेळ घरातून निघतानाच ठरवायची. कोरडं बनियन आणि जादा हातमोजे सोबत घ्यायचे. अंगठा करंगळीला टेकवून बघायचा. टेकत नसेल तर तिथेच उतरायचं. आणि सोबतचा ज्युनिअर असेल तर ही चाचणी आधी त्याची घ्यायची, कारण तो स्वतःहून "थांबू या" म्हणणार नाही.

त्या दिवशी तो म्हणाला नव्हता. म्हणायला मी हवं होतं.

जय हिंद.