मधल्या जागेत काय चालतं?

दोन विद्युतभारांमधलं बल शिकवून झालं, सूत्रात आकडे घालून उदाहरणं सोडवली, की वर्गातून हमखास प्रश्न येतो, “पण मधे तर काहीच नाही, मग ढकलतं कोण?” बहुतेक वेळा आपण पुढच्या उदाहरणाकडे वळतो. शास्त्रज्ञांनाही हा प्रश्न शंभर वर्षं पुरला.

ज्याच्या नावानं नियम ओळखला जातो, त्या कूलोमनं तो बाजूलाच ठेवला होता. १७८५ साली या फ्रेंच अभियंत्यानं चांदीच्या बारीक तारेला आडवी काडी टांगली. काडीच्या टोकाला भेंडाचा गोळा, शेजारी दुसरा स्थिर गोळा. दोघांना भार दिल्यावर काडी ३६ अंश दूर फिरली. मग तारेला वरून पीळ देत त्यानं अंतर १८ अंशांवर आणलं. एकूण पीळ झाला १४४ अंश, म्हणजे चौपट. पुढे ८.५ अंशांसाठी ५७५.५ अंश. अपकर्षणाची त्यानं दिलेली निरीक्षणं एवढी तीनच! बल किती ते कळलं. कसं पोचतं, ते नाही. न्यूटनचं गुरुत्वाकर्षणही तसंच होतं, त्यामुळे फारसं कुणाचं अडलं नाही.

अडलं ते फॅरडेचं. १८३७ साली त्यानं दोन सारखी उपकरणं घेतली. प्रत्येकात पितळेचा गोळा आणि भोवती पितळेचंच पोकळ कवच. एकात मधे नुसती हवा ठेवली, दुसऱ्यात अर्धी जागा लाखेनं भरली. हवेच्या उपकरणाला भार देऊन दोघांचे आतले गोळे जोडले. वाटणी निम्मी-निम्मी झाली नाही. लाखेच्या उपकरणानं जास्त भार घेतला. म्हणजे मधला पदार्थ नुसता बघ्या नव्हता.

पण एवढ्यानं निकाल लागला असं मात्र नाही (पुस्तकं इथे जरा घाई करतात). लाखेच्या कणांवरच भार उमटतात असं मानलं, तर कूलोमच्या नियमानंही हे उलगडतं, हे विल्यम थॉमसननं १८४५ मध्ये दाखवलं.

निकाल लावला तो वेळेनं. परिणाम मधल्या जागेतून जात असेल तर त्याला वेळ लागायला हवा. भार स्थिर असताना हे कळणारच नाही. तो हलवला तरच कळेल. मॅक्सवेलनं १८६५ साली विजेच्या मोजमापांवरून या प्रवासाचा वेग मांडला, तो प्रकाशाच्या वेगाजवळ आला. १८८८ साली हर्ट्‌झनं असा वेग प्रयोगानं दाखवला. आता विचारा : भार इथे हलला, तिकडच्या भाराला अजून पत्ता नाही, त्या क्षणी ऊर्जा कुठे आहे? मधल्या जागेत, विद्युतचुंबकीय क्षेत्रात. मॅक्सवेलला त्यासाठी ईथर लागलं. १९०५ नंतर ईथर गेलं, क्षेत्र राहिलं. पुंजवादानं पुढे त्याच क्षेत्राच्या ऊर्जेला फोटॉनच्या हिशेबात बसवलं.

फॅरडेला ही वेळेची शंका फार आधी आली होती. चुंबकाचा परिणाम पाण्यावरच्या तरंगांसारखा पसरत असावा, विजेचाही तसाच, असं १८३२ साली लिहून त्यानं तो लखोटा रॉयल सोसायटीत मोहोरबंद ठेवला. तो उघडला १९३७ मध्ये. तोवर त्याच तरंगांवर इंग्लंडात रेडिओ वाजत होते.