परदेशात जाताय? दाखल्यावर ॲपोस्टिल लागेल की दूतावासाचा शिक्का, आधी हे वाचा

पनवेल : ऑफर लेटर आलं, मेडिकल झालं, तिकिटाचं बोलणंही झालं आणि ऐनवेळी कागद अडकले, अशी वेळ आखातात नोकरीला किंवा बाहेर शिकायला जाणाऱ्या अनेकांवर येते. दाखला खरा असतो, त्यावर ग्रामपंचायतीचा गोल शिक्काही असतो. पण मस्कत किंवा टोरंटोतल्या अधिकाऱ्याला तो शिक्का आणि ग्रामसेवकाची सही ओळखू कशी येणार? म्हणून आपल्याच सरकारकडून ती सही-शिक्का खरा असल्याचं लिहून घ्यावं लागतं. चुकीच्या मार्गाने गेलं तर पैसे आणि दिवस दोन्ही वाया जातात. हे काम कसं होतं, त्याची ही सविस्तर माहिती.

ॲपोस्टिल म्हणजे काय?

५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग इथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. या करारातल्या एका देशाने कागदावर ठरावीक नमुन्याचं प्रमाणपत्र लावलं की दुसऱ्या सदस्य देशात पुन्हा दूतावासाचा शिक्का लागत नाही. या प्रमाणपत्राला ॲपोस्टिल म्हणतात. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. आपल्याकडे ॲपोस्टिल फक्त केंद्राचं परराष्ट्र मंत्रालय देतं. ते स्टिकरच्या रूपात कागदावर लागतं आणि त्यावर स्वतंत्र क्रमांक असतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ॲपोस्टिल म्हणजे सही आणि शिक्का खरा असल्याची खात्री. दाखल्यातला मजकूर बरोबर आहे याची हमी त्यातून मिळत नाही. नाव चुकलेलं असेल तर ॲपोस्टिलनंतरही ते चुकलेलंच राहतं.

आधी देश कोणता ते बघा

सगळं आखात एकच, असं समजू नका.

- ओमान, बहारीन आणि सौदी अरेबिया करारात आहेत, तिथे ॲपोस्टिल चालतं. सौदीत हा करार ७ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यामुळे जुनी माहिती असलेला कुणी अजूनही दूतावासाच्या शिक्क्याचे पैसे सांगू शकतो.
- दुबई-अबुधाबी (यूएई), कुवेत आणि कतार करारात नाहीत. तिथे परराष्ट्र मंत्रालयाचं साधं प्रमाणीकरण, मग त्या देशाच्या दूतावासाचा किंवा वकिलातीचा शिक्का आणि तिथे पोहोचल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाची नोंद, असा लांबचा रस्ता आहे.
- कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून ॲपोस्टिल चालतं. वैद्यकीय शिक्षणासाठी मुलं जातात ते रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान आणि किर्गिझस्तानही करारात आहेत.
- जर्मनी करारात असली तरी भारताच्या प्रवेशाला तिने हरकत घेतली होती. त्यामुळे भारतीय ॲपोस्टिल तिथे चालत नाही. जर्मन वकिलातीला विचारूनच कागद तयार करा.

यादी बदलत असते. म्हणून कंपनी किंवा कॉलेजकडून ‘कोणते कागद, कोणतं प्रमाणीकरण’ हे लेखी मागून घ्या.

शिक्के खालून वर चढतात

परराष्ट्र मंत्रालय थेट ग्रामसेवकाची सही ओळखत नाही. त्याआधी राज्य सरकारची सही लागते.

१. जन्म, मृत्यू, विवाह दाखला, प्रतिज्ञापत्र : राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाकडून प्रमाणित करून घ्या.

२. मार्कशीट, पदवी, डिप्लोमा : राज्याच्या शिक्षण खात्याचं प्रमाणीकरण लागतं. त्याआधी विद्यापीठाची पडताळणी मागितली जाऊ शकते. रायगड जिल्ह्यातल्या दहावी-बारावीच्या मार्कशीटची दुय्यम प्रत किंवा दुरुस्ती असेल तर वाशीचं विभागीय मंडळ गाठा.

३. कंपनीचे व्यापारी कागद : चेंबर ऑफ कॉमर्सकडून.

४. पासपोर्ट कार्यालयाने दिलेला पोलीस क्लिअरन्स दाखला : हा केंद्राचाच कागद आहे, मधला टप्पा लागत नाही.

नुसती नोटरी केली म्हणजे काम झालं असं नाही. नोटरी ही फार तर पहिली पायरी.

राज्याच्या कामासाठी पनवेलहून हार्बर लोकलने सीएसएमटीला उतरून मंत्रालय गाठता येतं. शेवटच्या टप्प्यासाठी आता दिल्लीला जावं लागत नाही. २०१९ पासून मुंबईतही हे काम होतं, परराष्ट्र मंत्रालयाचं कार्यालय बीकेसीतल्या विदेश भवनात आहे. मात्र मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही, अधिकृत सेवा केंद्रामार्फतच ते द्यावे लागतात. केंद्रांची नावं मंत्रालयाच्या वेबसाइटवर आहेत. काही संस्थांच्या कागदांसाठी ‘ई-सनद’ ही ऑनलाइन सोयही आहे.

घरातून निघण्याआधी हे तपासा

- पासपोर्ट, जन्मदाखला आणि मार्कशीटवरचं नाव अक्षराअक्षराने जुळतं का? वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख बघा. दुरुस्ती आधी, शिक्का नंतर.
- जुना दाखला नुसता मराठीत किंवा हाताने लिहिलेला असेल तर मराठी-इंग्रजी दोन्ही असलेला नवा काढा. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली, तेव्हा आसपासची गावं तिच्यात आली. त्या गावांतल्या लोकांनी नव्या दाखल्यासाठी महापालिकेत चौकशी करावी.
- जन्माची नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटलं असेल, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. याला वेळ लागतो. व्हिसाची वाट न बघता आधी हे काम हातात घ्या.
- मूळ कागद लॅमिनेट करू नका. शिक्का आणि स्टिकर त्याच कागदावर लागतात.

पैसे किती, फसवणूक कुठे?

परराष्ट्र मंत्रालयाचं ॲपोस्टिल शुल्क एका कागदाला ५० रुपये आहे, साध्या प्रमाणीकरणाला शुल्क नाही. सेवा केंद्राचा आकार वेगळा. एजंट हजारो रुपये सांगत असेल तर सरकारी शुल्क किती आणि त्याची मजुरी किती, हे वेगवेगळं लिहून मागा. मूळ पदवी देताना पावती घ्या, प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

कागद परत आल्यावर स्टिकरवरचा क्रमांक मंत्रालयाच्या वेबसाइटवर टाकून बघा. ‘दोन तासांत करून देतो’ म्हणणाऱ्याचा बनावट शिक्का परदेशात पकडला गेला, तर नोकरी तुमची जाते आणि गुन्हाही तुमच्यावर येऊ शकतो.

नोकरी लावणारा एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, हेही बघा. नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून ३० हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही.

परदेशातून येणारं मुखत्यारपत्र

जमिनीच्या व्यवहारात उलटा प्रसंगही येतो. भाऊ परदेशात असतो आणि सहीसाठी इकडच्या कुणाला तरी मुखत्यारपत्र पाठवतो. ते तिथल्या भारतीय वकिलातीसमोर केलेलं असावं, किंवा सदस्य देश असेल तर तिथली नोटरी आणि ॲपोस्टिल असावं. असा कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राचं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. त्यामुळे कुरिअरचं पाकीट फेकू नका, कागद कधी आला हे त्यावरूनच दाखवता येतं.