लुकड्या देहातली साखर

मधुमेह हा बसून खाणाऱ्यांचा रोग, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. सावकार, व्यापारी, पेन्शनर यांनाच 'साखर' होते, असे खेड्यात सर्रास बोलले जाई. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या आमच्या पारनेर तालुक्यात ती आज टिकत नाही. जन्मभर खुरपणी केलेल्या, अंगावर मांस नसलेल्या बायाही शुगरची गोळी घेताना दिसतात. हे कोडे सोडवू पाहताना मी घोड नदीपलीकडे, पुणे जिल्ह्यात झालेल्या एका कामापाशी पोहोचलो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे ते काम.

ऑक्सफर्डला प्रशिक्षण घेऊन पुण्यात परतलेल्या याज्ञिकांना पाठ्यपुस्तकातला रुग्ण इथे भेटेना. पुस्तकातला रुग्ण वयस्क आणि स्थूल. इथला त्याहून तरुण आणि पुष्कळ सडपातळ. त्याच सुमारास साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर हर्टफर्डशायरमधील जुन्या जन्मनोंदी तपासत होते. जन्मवेळी ज्यांचे वजन कमी, त्यांना पुढे हृदयविकार आणि मधुमेह अधिक, असे त्यांना आढळले होते. दोघांची गाठ पडली आणि याज्ञिकांचा प्रश्न रुग्णाच्या ताटातून त्याच्या आईच्या पोटाकडे वळला.

१९९३ मध्ये पुणे जिल्ह्यातील सहा दुष्काळप्रवण गावांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू झाला. तिथल्या गरोदर बायांची सरासरी उंची पाच फूट, गर्भारपणापूर्वीचे वजन सुमारे ४२ किलो. घरचे, शेतावरचे काम शेवटपर्यंत चालू. बाळे सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. इथवर अपेक्षितच होते. पण चिमट्याने त्वचेची जाडी मोजली तेव्हा चित्र पालटले. इथल्या बाळांचे स्नायू, पोटातले अवयव खूपच लहान होते. पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. नाळेच्या रक्तातही इन्सुलिन जास्त आढळले. 'थिन-फॅट' हे नाव त्यातून रूढ झाले: वरून लुकडा, आतून चरबीचा.

२००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर विसंबणाऱ्या जगाला एवढे एक छायाचित्र पुरले.

पुढे आहाराचा धागा हाती आला. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, दूध, फळे अधिक वेळा खात, त्यांची बाळे मोठी होती. बहुतेक बायांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनचा प्रभाव सर्वांत कमी दिसला. ही मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुलींच्या रक्तातील साखर सामान्य पातळीच्या वर होती, आणि तरीही ती बहुतेक सडपातळच होती.

या निष्कर्षांचा एक धोका मला दिसतो. कालवर दोष रुग्णाच्या जिभेला होता. आता तो आईच्या पदरी घातला जाईल. पण आई उपाशी राहते ती हौसेने नव्हे. आमच्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायांनाच आरोग्यसेविका केले. बाईचे घरातले स्थान सुधारल्याशिवाय मूल सुधारत नाही, ही तिथली शिकवण. याज्ञिक मोजमापांच्या वाटेने त्याच दाराशी आले. २०१२ मध्ये त्याच गावांतल्या, त्याच अभ्यासात जन्मलेल्या किशोरवयीन मुलामुलींना, ती आईबाप होण्याआधीच बी-१२ देण्याचा प्रयोग त्यांनी सुरू केला.

१९७२ च्या दुष्काळाची कागदपत्रे चाळताना मला खडी फोडणाऱ्या बायांची हजेरी आणि मजुरी सापडते. त्यांच्या पोटी त्या साली जन्मलेल्या बाळांची वजने मात्र एकाही दप्तरात भेटली नाहीत. ती बाळे आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या रक्तातल्या साखरेचा त्या दुष्काळाशी किती संबंध, हे सांगायला आता नोंद नाही. निदान यापुढच्या दुष्काळात बांधाच्या लांबीबरोबर गरोदर मजूर बाईचे वजनही लिहिले जावे. इतिहासाचे साधन म्हणून तर हवेच, पण तिच्या ताटात काय आहे, हे कुणीतरी विचारावे म्हणूनही.