शेअर-भावपत्रक

शेअर-भावपत्रक : शेअर बाजारातील व्यवहारांचे भाव दर्शविणारे व वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होणारे कोष्टक. अशा आरंभीच्या पत्रकांपैकी एक लंडनमधील होय. जॉन कॅस्टेंग हा दलाल १६९८ च्या सुमारास जोनाथनच्या कॉफीगृहातून आठवड्यातून दोनदा ते काढीत असे. त्यात हुंडणावळीचे दर आणि बँक ऑफ इंग्लंड, ईस्ट इंडिया कंपनी इ. मोजक्या संस्थांच्या भागांचे भाव असत.

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाच्या निर्यातीमुळे मुंबईत अमाप पैसा आला आणि भागांचा सट्टा शिगेस पोहोचला. बँक ऑफ बॉम्बेच्या भागाचा भाव २,८५० रुपयांपर्यंत चढला होता. युद्ध संपल्यावर तो ८७ रुपयांवर कोसळला. भाव कळत होते, परंतु भावामागील कंपनीची स्थिती त्यावरून कळणे शक्य नव्हते. अनेक भागांची पूर्ण रक्कम मागविलेली नव्हती. उरलेल्या रकमेचे दायित्व धारकांच्या माथी आले. मुंबईच्या दलालांनी १८७५ मध्ये आपली संघटना स्थापन केली. दि इकॉनॉमिक टाइम्स हे अर्थविषयक दैनिक १९६१ मध्ये मुंबईत निघाले व सविस्तर कोष्टके सामान्य गुंतवणूकदाराच्या हाती रोज पडू लागली.

कोष्टकात कंपनीच्या नावापुढे पुष्कळदा कंसात आदल्या दिवसाचा बंद भाव आणि नंतर त्या दिवसाचे उघडता, उच्चतम, नीचतम व बंद भाव देत. व्यवहार किती भागांचा झाला, हा आकडा बहुधा दुर्लक्षिला जातो. वस्तुतः थोड्याशा भागांच्या विक्रीवर ठरलेला भाव फारसा विश्वसनीय नसतो. लाभांशाची टक्केवारी मात्र सर्वांत फसवी. ती दर्शनी किंमतीवर असते, बाजारभावावर नव्हे. १० रु. दर्शनी किंमतीच्या भागावर ५० टक्के लाभांश म्हणजे ५ रु.; तो भाग ४०० रुपयांस घेणाऱ्यास प्रत्यक्ष उत्पन्न केवळ सव्वा टक्का पडते. तसेच भाव लाभांशरहित झाला, की तो साधारणतः लाभांशाइतका उतरतो. एकास एक बोनस भाग दिल्यावर तो जवळजवळ निम्मा होतो. ही घट म्हणजे तोटा नव्हे. पण त्यासंबंधीची खूण न पाहता घाबरून भाग विकणारे आढळतात.

मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक १९८६ पासून प्रसिद्ध होऊ लागला. १९९५ मध्ये तेथे संगणकीय व्यवहार सुरू झाल्यावर आवारात ओरडून सौदे करण्याची पद्धत मागे पडली. भाव तत्क्षणी पडद्यावर दिसू लागल्याने वृत्तपत्रांतील कोष्टकेही पुढे आखूड होत गेली.