काचेपलीकडचे ऊन

कासवांच्या संगोपनावरील एका पुस्तिकेचे भाषांतर करताना मी एका रोगाच्या नावापाशी अडले. टाकीत वाढलेल्या कासवाची पाठ मऊ पडते, कवच वेडेवाकडे होते, पाय शरीराचा भार उचलेनासे होतात. इंग्रजीत त्याला लांबलचक वैद्यकीय नाव आहे. मराठीत आजीच्या तोंडचा शब्द हजर होता: मुडदूस. पण लहान मुलांचा रोग कासवाला कसा लावायचा? म्हणून त्या रोगाचा इतिहास वाचायला घेतला.

१८९० मध्ये थिओबाल्ड पाम या डॉक्टरने देशोदेशीच्या वैद्यकीय मिशनऱ्यांकडून माहिती गोळा केली. ब्रिटनच्या धुरकट शहरांत सर्रास दिसणारा मुडदूस भारत, चीन, जपानमध्ये गरिबी असूनही विरळा होता. फरक उन्हाचा आहे, असे पाम म्हणाला. फारसे कोणी ऐकले नाही. १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्कीने आजारी मुलांना पाऱ्याच्या अतिनील दिव्याखाली ठेवले आणि त्यांची हाडे भरून आल्याचे क्ष-किरण चित्रांत दाखवले.

मग पान उलटले आणि नाशिक समोर आले. १९२२ मध्ये हचिसन आणि शहा यांनी तिथल्या पाहणीवर लेख लिहिला. उन्हातान्हात राबणाऱ्या, साधेसुधे खाणाऱ्या गरिबांत मुडदूस जवळजवळ नव्हता. पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांतल्या बायकामुलांत मात्र तो होता. ऊन गावभर होते, फक्त उंबरठ्याच्या आत येत नव्हते.

कासवाचेही तेच. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत लाल कानांच्या कासवांची पिल्ले प्लास्टिकच्या ताडाच्या झाडासकट वाडग्यात विकली जात. खायला वाळवलेल्या माश्या. बहुतेक लवकरच मरत. १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर तिथे बंदी आली, पण ती मुलांना होणाऱ्या साल्मोनेला संसर्गामुळे. कासवांच्या हाडांमुळे नव्हे.

खिडकीची साधी काच उजेड आणि ऊब आत सोडते. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण मात्र अडवते. कासव काचेमागे मान ताणून तासन्‌तास ऊन खाते आणि उपाशीच राहते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच जातीच्या कासवांना अतिनील दिवा दिल्यावर रक्तातले ड जीवनसत्त्व वाढलेले आढळले. पण हे दिवेही फसवे असतात: काही महिन्यांनी किरण क्षीण होतात, प्रकाश मात्र तसाच दिसत राहतो.

बंद घरातल्या बाईला आणि काचेतल्या कासवाला एकाच ओळीत बसवताना संकोच वाटला. पण दोघांपैकी कोणीही आपली सावली स्वतः निवडली नव्हती. भाषांतरात मी ‘मुडदूस’ हाच शब्द ठेवला.