हातोड्यांची टीम

धुवायला टाकलेल्या कपड्यांत परवा मुलाचा फुटबॉलचा नवा शर्ट निघाला. गडद लाल अंग, निळ्या बाह्या आणि छातीवर आडवेतिडवे ठेवलेले दोन हातोडे. आमचं घर बेळगावात, यजमानांची उद्यमबागेत छोटी फाउंड्री. त्यामुळे हातोड्याचं नवल नाही. पण खेळाच्या शर्टावर हातोडे कशाला? विचारलं तर म्हणाला, “अगं आई, वेस्ट हॅम! लंडनचा क्लब. आधी ती एका कारखान्याची टीम होती.” त्याला ठाऊक होतं ते एवढंच. मी शोधत गेले आणि वाटेत चक्क ओळखीचा माणूस भेटला. गांधीजींच्या आत्मकथेतले हिल्ससाहेब!

गांधीजी १८८८ साली विलायतेला निघाले, तेव्हा त्यांच्या आईला धास्ती होती. बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांना मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली, तेव्हा कुठे आईचा जीव शांत झाला. लंडनमध्ये ते शाकाहारी मंडळात गेले आणि कार्यकारिणीवरही आले. मंडळाचे अध्यक्ष अर्नोल्ड हिल्स. मंडळ बरंचसं त्यांच्याच पैशावर चालायचं. हा पैसा यायचा थेम्स आयर्नवर्क्समधून, म्हणजे लंडनच्या पूर्व टोकाला, ली नदी थेम्सला मिळते तिथल्या जहाजांच्या कारखान्यातून. ब्रिटिश आरमाराचं ‘वॉरियर’ हे लोखंडी युद्धजहाज १८६० साली इथूनच पाण्यात उतरलं होतं.

आता बघा, ताटात जीवहत्या नको आणि कारखान्यात तोफांची जहाजं. पण हसण्याआधी मी स्वतःकडे पाहिलं. व्रत एका वहीत आणि धंदा दुसऱ्या वहीत, हा हिशेब आपल्याकडेही नवा नाही.

हिल्स माणूस मात्र कोरडा नव्हता. ऑक्सफर्डला शिकलेला, इंग्लंडकडून फुटबॉल खेळलेला. दारूला स्पर्श नाही. मालक असूनही काही वर्षं तो कामगारांच्याच वस्तीजवळ राहिला. तो काळ अशांत होता. १८८९ साली जवळच्याच गॅस कामगारांनी आठ तासांचा दिवस मिळवला, त्याच वर्षी गोदी कामगारांचा मोठा संप झाला. हिल्सच्या कारखान्यातही संप होऊन गेले. मनं जोडायला त्याने नफ्यातून बोनस, आठ तासांचा दिवस, कारखान्याचं मासिक, संगीत आणि खेळांची मंडळं असं बरंच काही सुरू केलं. डेव्ह टेलर नावाचा एक फोरमन फुटबॉलचा पंचही होता. त्याने पुढाकार घेतला आणि १८९५ साली थेम्स आयर्नवर्क्सची टीम उभी राहिली. दिवसभर काम करणारी माणसं संध्याकाळी सराव करायची. विजेच्या दिव्यांखाली सामने भरवायचीही हौस होती. चेंडू दिसावा म्हणून तो चुन्याच्या पाण्यात बुडवायचे म्हणे!

१८९७ साली हिल्सने पदरचे पैसे घालून प्लेस्टोला भलंमोठं मैदान बांधलं. पण टीम जिंकू लागली, वरच्या स्पर्धांत गेली, तसे पगारी खेळाडू घ्यावे लागले. हिल्सला हे रुचेना. त्याच्या मनातला खेळ म्हणजे आपल्याच कामगाराने हौसेने खेळलेला खेळ. बघायला येणाऱ्यांना जिंकणारी टीम हवी होती. शेवटी १९०० साली कारखान्याची टीम बरखास्त झाली आणि भागभांडवलावर नवी कंपनी उभी राहिली: वेस्ट हॅम युनायटेड. कारखान्याचं नाव जाऊन वस्तीचं नाव लागलं.

इथे मला गांधीजींचा प्रसंग आठवला. मंडळातले डॉ. ॲलिन्सन संततिनियमनाचा पुरस्कार करायचे, म्हणून हिल्सना ते मंडळात नको होते. तरुण गांधीजींना ॲलिन्सनची मतं पटत नव्हती, तरी ते म्हणाले, मंडळ शाकाहारासाठी आहे, अध्यक्षांच्या नीतीसाठी नाही. बोलायची हिंमत होईना, म्हणून लिहून नेलं. तेही दुसऱ्याने वाचून दाखवलं. त्यांची बाजू हरली. पण प्रश्न तोच होता. पैसा देणाऱ्याने मंडळ चालवलं, म्हणून मंडळातली माणसंही त्याच्याच मताने चालावीत का?

पुढे जहाजं मोठी झाली. कोळसा आणि लोखंड उत्तरेकडे असल्याने तिकडच्या गोद्यांना काम स्वस्तात पडू लागलं. १९११ साली ‘थंडरर’ हे शेवटचं मोठं युद्धजहाज पाण्यात सोडलं, तेव्हा हिल्स संधिवाताने पार जखडला होता. सरकारकडे कामासाठी खूप विनवण्या झाल्या, पण १९१२ साली कारखाना बंद पडला. हिल्स १९२७ साली गेला. टीम मात्र राहिली. १९६६ साली इंग्लंडने विश्वचषक जिंकला, तेव्हा कर्णधार बॉबी मूर आणि अंतिम सामन्यातले चारही गोल करणारे हर्स्ट व पीटर्स याच क्लबचे होते. लोक आजही टीमला ‘आयर्न्स’ म्हणून हाका मारतात. जहाजाच्या पत्र्यांत रिव्हेट ठोकणारे ते हातोडे छातीवर आहेतच. मालकाचं नाव कुठेच नाही.

हे सगळं मी यजमानांना रात्री जेवताना सांगितलं, त्याला कारण होतं. आमच्या मोल्डिंगवरच्या पोरांनी टीम काढलीय, आणि शर्टावर फाउंड्रीचं नाव न घालता आपल्या गल्लीचं नाव घालायचं म्हणतात. “पैसे आपले आणि नाव गल्लीचं?” म्हणून हे आठवडाभर फुगून बसले होते.

ऐकून काही बोलले नाहीत. आमटी वाढून घेतली. सकाळी निघताना म्हणाले, “शर्ट किती लागतील, त्या पोरांना विचारून घे.”