होल्टरमन आणि त्याचा दगड

एक जुना फोटो आहे. कृष्णधवल. दाढीवाला, कोट घातलेला एक साहेब व्हरांड्यात उभा आहे, एक हात कमरेवर. दुसरा हात त्याच्याहून थोड्याशाच बुटक्या, ओबडधोबड, चमकदार दगडावर ठेवलेला, एखाद्या लाडक्या पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा. खाली ओळ असते: बर्नार्ड ओटो होल्टरमन, जगातल्या सर्वांत मोठ्या सोन्याच्या दगडाबरोबर. ऑस्ट्रेलियातल्या सोन्याबद्दल काहीही शोधायला जा, हा फोटो समोर येतोच.

आणि मंडळी, हा फोटो खोटा आहे. म्हणजे साहेब खरा, दगड खरा, व्हरांडाही खरा. फक्त हे तिघं एकत्र कधीच उभे नव्हते. दगडाचा फोटो वेगळा. साहेबाचा स्टुडिओत वेगळा, त्यात हात दगडावर नाही तर एका लोखंडी स्टँडवर ठेवलेला. (तेव्हा फोटो काढताना बराच वेळ स्तब्ध उभं राहावं लागे, म्हणून मान टेकवायला असे स्टँड असत.) आणि व्हरांडा आहे सिडनीतल्या त्याच्या बंगल्याचा, जो बांधला जाईपर्यंत दगडाचा चुरा होऊन गेला होता. तीन लेयर, एक कॉम्पोझिट. फोटोशॉप यायच्या शंभर वर्षं आधी.

एवढा पैसेवाला माणूस, हे असलं का करेल? हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला आणि दोन वीकेंड त्यात गेले.

होल्टरमनचा जन्म हॅम्बुर्गचा, २९ एप्रिल १८३८. वयाच्या विसाव्या वर्षी, १८५८ साली, सैन्यातली सक्तीची नोकरी चुकवायला त्यानं देश सोडला आणि सिडनी गाठली. भाऊ आधीच ऑस्ट्रेलियात आलेला, पण हा पोचेपर्यंत तो सोनं शोधायला आत निघून गेलेला. इंग्रजी यथातथाच, खिसा रिकामा. मिळेल ते काम करत करत शेवटी सिडनीच्या एका जर्मन हॉटेलात तो वेटर झाला. तिथे त्याला लुई बायर्स भेटला. तो पोझनचा, म्हणजे तेव्हाच्या प्रशियातला. दोघांचं जमलं, आणि १८६१ मध्ये दोघं सिडनीच्या वायव्येला डोंगरात, तांबारूरा आणि हिल एंडच्या भागात खणायला गेले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सोन्याची खाण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नदीत घमेलं घेऊन बसलेला माणूस येतो. तसलं सोपं, वाळूतलं सोनं त्या भागात आधीच्या दहा वर्षांत बरंचसं वेचून झालं होतं. उरलं होतं ते खडकाच्या पोटात, गारगोटीच्या बारीक शिरांमध्ये अडकलेलं. ते काढायचं म्हणजे डोंगरात विहिरीसारखं उभं खणायचं, सुरुंग लावायचे, दगड वर ओढायचा, यंत्राखाली कुटून त्याची पूड करायची आणि पाऱ्यानं त्यातलं सोनं धरायचं. याला भांडवल लागतं. या दोघांकडे हातपाय होते. त्यामुळे थोडे दिवस खण, पैसे संपले की दुसरीकडे काम कर, पुन्हा येऊन खण, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललं. एकदा सुरुंग वेळेआधी उडाला आणि होल्टरमन मरता मरता वाचला. दहा वर्षं! आमच्याकडे तीन महिन्यांत रिझल्ट दिसला नाही तर प्रोजेक्ट गुंडाळतात.

याच रखडपट्टीत, २२ फेब्रुवारी १८६८ रोजी, बॅथर्स्टला त्याचं लग्न झालं. मुलगी हॅरिएट एमेट. आणि तिची बहीण मेरी हिच्याशी बायर्सचं. म्हणजे पार्टनर होते ते साडू झाले. मला या सगळ्या कथेत या दोन बहिणींचं फार नवल वाटतं. नवऱ्यांकडे तेव्हा दाखवायला काय होतं? एक भोक. डोंगरातलं. हॅरिएटबद्दल इतिहासात फारसं लिहिलेलं नाही, लिहिणाऱ्यांना दगडातच जास्त रस. पण पुढे पाच मुलं मागे ठेवून नवरा गेला तेव्हा सगळं सांभाळायला तीच होती.

१८७१ मध्ये नशीब फिरलं. हॉकिन्स हिलवरच्या त्यांच्या खाणीत सोन्याची श्रीमंत शीर लागली. लगेच गुंतवणूकदार धावले, 'स्टार ऑफ होप' नावाची कंपनी उभी राहिली, होल्टरमन तिचा मॅनेजर झाला. हिल एंडला तर ऊतच आला. दुकानांची रांग, दारूचे गुत्ते, सिडनीत शेअरची खरेदी-विक्री. खाणीचा पत्ता नाही पण शेअर जोरात, असल्याही कंपन्या निघाल्या. (ओळखीचं वाटतंय ना?)

आणि मग १९ ऑक्टोबर १८७२. रात्रपाळीच्या कामगारांनी सुरुंग लावला, धूर निवळला, आणि समोर भिंतच चमकत होती. ती अख्खीच्या अख्खी बाहेर काढली: उंची सुमारे दीड मीटर, वजन २८६ किलो. त्यात सोनं अंदाजे ९३ किलो. तेव्हाची किंमत १२,००० पौंड. 'नगेट' म्हणजे सोन्याचा सुटा गोळा, तो मान १८६९ मध्ये व्हिक्टोरियात सापडलेल्या 'वेलकम स्ट्रेंजर'चा. होल्टरमनचा होता खडकासकट निघालेला तुकडा. पण असा एकसंध तुकडा एवढ्या आकाराचा आजवर दुसरा मिळालेला नाही.

आता खरी गंमत. हा दगड होल्टरमनचा नव्हताच. तो कंपनीचा होता. अकरा वर्षं खपलेला माणूस आता बोर्डासमोर एक भागधारक फक्त. त्यानं विनंती केली की हा फोडू नका, जपून ठेवूया. किमतीवर वर हजार पौंड द्यायला तो तयार होता, स्वतःच्या खिशातून. बाकीच्यांनी नाही म्हटलं. त्यांच्या दृष्टीनं ते कच्चा माल होतं. दगड यंत्राखाली गेला, कुटला, पाऱ्यात घातला, वितळवला. पुढच्या फेब्रुवारीत होल्टरमननं कंपनीचा राजीनामा दिला.

आणि योगायोग असा की दगड कुटण्याआधी त्याचा फोटो निघाला होता. त्याच सुमारास बोफॉय मर्लिन नावाचा एक फिरता फोटोग्राफर आपल्या चार्ल्स बेलिस या तरुण मदतनीसाला घेऊन हिल एंडमध्ये होता. घोडागाडीत डार्करूम. घराघरापुढे, दुकानापुढे माणसं उभी करायची आणि फोटो काढायचा, असा यांचा धंदा. होल्टरमनच्या डोक्यात प्रकाश पडला असावा. दगड विकत घेता येत नाही, पण सगळा देश काचेवर विकत घेता येतो की! खाणी, गावं, सिडनी, सगळ्याचे फोटो काढायचे आणि युरोप-अमेरिकेत दाखवायचे, म्हणजे आपल्यासारखे लोक इकडे येतील. पैसा त्याचा, कॅमेरा मर्लिनचा. मर्लिन १८७३ मध्येच वारला, मग काम बेलिसनं पुढे नेलं.

सिडनी बंदराच्या उत्तर किनाऱ्यावर होल्टरमननं टोलेजंग बंगला बांधला, त्याला उंच मनोरा. १८७५ मध्ये बेलिसनं त्या मनोऱ्यातली खोलीच कॅमेरा करून टाकली. तेव्हाचं तंत्र असं की काचेवर रसायन ओतायचं आणि ते ओलं असतानाच, म्हणजे काही मिनिटांत, फोटो काढून धुवायचाही. तळहाताएवढ्या काचेलाही हे अवघड. यांच्या काचा दीड मीटरहून लांब! एकोणिसाव्या शतकातली अशा पद्धतीची सर्वांत मोठी निगेटिव्ह म्हणून त्या आजही सांगितल्या जातात. याशिवाय लहान काचांवरून जोडलेला, सुमारे दहा मीटर लांबीचा सिडनीचा पॅनोरमा. हे सगळं घेऊन हे गृहस्थ १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनाला गेले आणि कांस्यपदक घेऊन आले. १८७८ ला पॅरिसमध्ये रौप्य.

माणूस साधासुधा नव्हता हे खरं. 'जीवरक्षक थेंब' नावाचं औषधही तो विकायचा, आणि असल्या औषधांत काय असतं ते तुम्हीआम्ही जाणतोच. तो व्हरांड्यातला फोटोही त्याच जाहिरातबाज डोक्यातून आलेला. पण मला त्याचा राग येत नाही. ज्या दगडाबरोबर उभं राहायचा हक्क त्याला विकत मिळाला नाही, तो त्यानं कात्री आणि डिंकानं मिळवला, इतकंच.

आधी एकदा हरलेला होल्टरमन १८८२ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेवर निवडून आला. तीन वर्षांनी, २९ एप्रिल १८८५ ला, बरोबर सत्तेचाळिसाव्या वाढदिवशी वारला. बंगल्यात १८८९ पासून शाळा भरू लागली. हिल एंड तर त्याआधीच ओसरलं होतं. शिरा संपल्या, शेअर कोसळले, लोक निघून गेले. आज तिथे शंभरेक माणसं राहतात. साडूभाऊ बायर्सनं मात्र गावाच्या रस्त्यावर झाडं लावली. त्या रस्त्याला अजून त्याचंच नाव आहे.

आणि काचा? त्या घरातच पडून होत्या. एका सुनेच्या बागेतल्या शेडमध्ये, लाकडी पेट्यांत. कीस्ट बर्क हा फोटोग्राफीच्या मासिकाचा संपादक १८७० च्या दशकातल्या या फोटोंचा माग काढत होता, त्याला १९५१ मध्ये त्या सापडल्या. सुमारे साडेतीन हजार निगेटिव्ह, पाऊण शतक उलटूनही बहुतेक शाबूत. पुढच्या वर्षी होल्टरमनच्या नातवानं त्या सिडनीच्या मिचेल लायब्ररीला देऊन टाकल्या, आणि २०१३ मध्ये युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड'च्या ऑस्ट्रेलियन यादीत त्यांची नोंद झाली.

लायब्ररीनं त्या मोठ्या रेझोल्युशनमध्ये स्कॅन करून नेटवर ठेवल्या आहेत. एखादा शनिवार रिकामा असेल तर हिल एंडच्या क्लार्क स्ट्रीटचे फोटो उघडा आणि झूम करत जा. दुकानांवरच्या पाट्या वाचता येतात. झाडाच्या सालींच्या झोपडीपुढे ठेवणीतले कपडे घालून उभी असलेली बाई दिसते, तिच्या शेजारी अनवाणी पोरं. एखादं पोर मध्येच हललेलं असतं, त्याचा चेहरा पुसट आलेला असतो.